पित्ताच्या गोळीला मुदत हवी

बीपीच्या गोळीबरोबर पित्ताची गोळी चालते का? यारी रोड असो की सात बंगला, वर्सोव्यातल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर संध्याकाळच्या गर्दीत थोडा वेळ उभे राहिले की हा प्रश्न कानावर पडतोच. विचारणारे बहुधा साठीच्या पुढचे असतात, पण हल्ली पस्तिशीतली मंडळीही विचारू लागली आहेत. काउंटरपलीकडून एका शब्दात उत्तर येते, ‘चालते.’ उत्तर चूक नाही. बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरच आहे. अडचण अशी की विषय तिथेच मिटतो आणि खरे विचारायचे ते राहून जाते. ही दुसरी गोळी मुळात सुरू कशासाठी झाली, आणि ती थांबायची कधी?

प्रश्न थोडक्या लोकांचा नाही. मुंबई महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने २०२१ मध्ये १८ ते ६९ या वयोगटाची पाहणी केली. तीत ३४ टक्के मुंबईकरांना उच्च रक्तदाब असल्याचे दिसले. माणशी मिठाचे प्रमाण दिवसाला सरासरी ८.६ ग्रॅम निघाले. संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमची आहे. वर्सोव्याला हा हिशेब लावला तर दर तीन प्रौढांत एक बीपीवाला. त्यात इथल्या माणसांची जेवणाची वेळ म्हणजे आनंदीआनंद. कोळीवाड्यातल्या बोटी भरती-ओहोटी पाहून निघतात, घड्याळ पाहून नाही. आराम नगरात ऑडिशनच्या रांगेत उभा असलेला मुलगा दुपारचे जेवण वडापाववर आणि रात्रीचे बारा वाजता उरकतो. लोखंडवाल्याकडचे निवृत्त आजोबा तेवढे वेळेवर जेवतात, पण त्यांच्या गोळ्यांची संख्याच त्यांचे पोट अर्धे भरेल इतकी असते. छातीत जळजळ आणि आंबट ढेकर या तिघांच्याही ओळखीचे.

तर आधी ‘चालते’ या उत्तराची बाजू. आपल्याकडे बीपीसाठी सर्वांत जास्त लिहून दिल्या जाणाऱ्या गोळ्या म्हणजे अम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन. पित्तासाठी पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, ओमेप्राझोल. या दोन गटांत थेट भांडण नाही. पँटोप्राझोलने अम्लोडिपिनचा असर कमी होत नाही, टेल्मिसार्टनचाही नाही. अम्लोडिपिनवर तर पित्ताच्या पातळ औषधानेही फरक पडत नाही. त्यामुळे दोन गोळ्या एकाच पाण्याच्या घोटाबरोबर गिळल्या गेल्या म्हणून कोणी रात्रभर जागत बसू नये. व्हॉट्सॲपवर ‘या दोन गोळ्या एकत्र घेऊ नका’ असा निरोप वाचून बीपीची गोळी परस्पर बंद करणारे आहेत, आणि त्यांचे नुकसान दोन गोळ्या एकत्र घेणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठे आहे. बीपी दुखत नाही. गोळी बंद केली तरी पहिले काही आठवडे काहीच जाणवत नाही, आणि जाणवते तेव्हा ते कधी कधी अर्धांगवायूच्या रूपाने जाणवते.

दोन औषधांची टक्कर होऊ शकते याची धास्ती मात्र हवेतून आलेली नाही. या धास्तीचा इतिहास मजेशीर आहे. जेम्स ब्लॅक नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल शोधले, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब आवरणारे औषध. पुढे त्यांनीच सिमेटिडीन शोधून काढले, जठरातले आम्ल कमी करणारे. ते १९७६ मध्ये ब्रिटनच्या बाजारात आले. १९८८च्या नोबेलमध्ये ब्लॅक यांचा वाटा होता तो या कामासाठीच. आणि नेमकी ही दोन औषधेच एकमेकांच्या वाटेत आली. सिमेटिडीनमुळे यकृताचे औषध मोडण्याचे काम मंदावते, प्रोप्रॅनोलॉल रक्तात साठत जाते आणि नाडी हवी त्यापेक्षा खाली येते. आज सिमेटिडीन आपल्या मेडिकलमध्ये क्वचितच दिसते, त्याच्या घराण्यातले फॅमोटिडीन हा उपद्व्याप करत नाही. तिसरे भावंड रॅनिटिडीन, आपल्याकडे एके काळी घरोघरी असलेले. एन-डी-एम-ए या कर्कजनक अशुद्धीच्या संशयावरून अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावले आणि भारताच्या २०२२च्या आवश्यक औषधांच्या यादीतूनही ते गेले. घरात जुनी पट्टी पडली असेल तर ती चालू ठेवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

आजच्या काळातले खरे अपवाद थोडे आहेत. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेले पातळ गुलाबी-पांढरे औषध किंवा चघळायची गोळी घेत असाल तर ॲटेनोलॉल किंवा कॅप्टोप्रिलसारख्या गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत. उपाय साधा आहे, दोन्हींत दोन तासांचे अंतर. आपली बीपीची गोळी यात मोडते की नाही हे आठवत नसेल तर सरसकट दोन तास ठेवले तरी काही बिघडत नाही. अँजिओप्लास्टी होऊन क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळतात, कारण ती क्लोपिडोग्रेलचा जोर कमी करतात. तिथे पँटोप्राझोल बरे. आणि बीपीसाठी क्लोरथॅलिडोनसारखी लघवी वाढवणारी गोळी असेल तर तिच्या जोडीला वर्षानुवर्षे पँटोप्राझोल घेतल्याने रक्तातले मॅग्नेशियम उतरू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल २०११ मध्येच सावध केले होते. पोटऱ्यांत गोळे, हातापायांत मुंग्या, छातीत धडधड अशी लक्षणे ‘वयाची’ म्हणून सोडून दिली जातात. अशा वेळी मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि सोडियम तपासायला सांगणे रास्त आहे.

इथपर्यंतचे कोणीही चांगला औषधविक्रेता सांगेल. त्याच्या पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही, कारण तो एका गोळीत मावत नाही.

पुष्कळदा पित्ताची गोळी पित्तामुळे नाही, बीपीच्या गोळीमुळेच सुरू झालेली असते. अम्लोडिपिन रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करते, म्हणून बीपी उतरते. पण तोच गुण अन्ननलिका आणि जठर यांच्यामधल्या झडपेलाही सैल करू शकतो. झडप ढिली पडली की आम्ल वर येते. रुग्ण म्हणतो, ‘डॉक्टर, हल्ली फार ॲसिडिटी होते.’ डॉक्टरांपुढे रांग असते. पँटोप्राझोल लिहिले जाते आणि दोन्ही गोळ्या हातात हात घालून पाच वर्षे चालत राहतात. दुसरा प्रकार रॅमिप्रिल-एनालाप्रिलचा. या गोळ्यांनी काहींना कोरडा, चिवट खोकला लागतो. रात्री झोपल्यावर खोकला, म्हणजे आम्ल घशाशी येत असेल, असा तर्क होतो आणि पुन्हा तीच पित्ताची गोळी. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात. हा खोकला गोळी बदलली की काही आठवड्यांत जातो.

म्हणून अम्लोडिपिन वाईट का? मुळीच नाही. स्वस्त, खात्रीचे, सरकारी दवाखान्यात मिळणारे, दिवसातून एकदाच घ्यायचे हे औषध लाखो लोकांचे प्राण वाचवते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात, ज्यात महाराष्ट्र पहिल्यापासून होता, भर दिला गेला तो अशाच थोड्या, ठरावीक आणि नियमित मिळणाऱ्या औषधांवर. थोडीशी जळजळ होते म्हणून नीट बसलेले बीपी विस्कटणे शहाणपणाचे नाही. पण जळजळ अम्लोडिपिन सुरू झाल्यानंतर, किंवा पाचाची दहा मिलिग्रॅम झाल्यानंतर सुरू झाली असेल, तर हे डॉक्टरांना तारखेसह सांगितले पाहिजे. मात्रा कमी करणे, दुसऱ्या गोळीवर जाणे, हे पर्याय त्यांच्या हातात असतात. न सांगितलेले त्यांना कळणार कसे?

याहूनही मोठा गुन्हेगार तिसराच आहे.

मासळी बाजारात बसणाऱ्या एका मावशींचा गोळ्यांचा डबा मध्यंतरी पाहायला मिळाला. मिठाईचा प्लास्टिकचा डबा, आत रबर लावलेल्या पट्ट्या. अम्लोडिपिनची पूर्ण पट्टी. टेल्मिसार्टन, ‘मागल्या साली वाढवली’ ती. पँटोप्राझोल. आणि तीन गोळ्यांचा एक तुकडा, कात्रीने असा कापलेला की औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलेली. मावशींना त्याचे नाव माहीत नव्हते, काम माहीत होते. ‘ही गुडघ्याची,’ त्या म्हणाल्या, ‘आनि ही पित्ताची, तिच्यामुलं पोट जलू नय म्हनून.’ मागच्या बाजूच्या फॉइलवर उरलेल्या अर्ध्या अक्षरांवरून ते डायक्लोफेनॅक निघाले. रोज एक, टोपली जड असेल त्या दिवशी दोन.

ही साखळी उलगडून पाहा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके जठराच्या आतल्या अस्तराचे संरक्षण काढून घेतात, म्हणून पोट जळते, म्हणून पँटोप्राझोल. तीच वेदनाशामके शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, म्हणून बीपी चढते आणि बीपीच्या गोळीचा जोर कमी पडतो, म्हणून दुसरी बीपीची गोळी. एका गुडघ्यापायी दोन गोळ्या वाढल्या. त्या दुसऱ्या गोळीसोबत लघवीची गोळी आली की वेदनाशामक, टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी असे त्रिकूट तयार होते, आणि उन्हाळ्यात किंवा जुलाब लागून अंगातले पाणी कमी झाले की हे त्रिकूट मूत्रपिंडाला अचानक इजा करू शकते. या नाटकात पँटोप्राझोलची भूमिका अशी की पोट जळत नाही, त्यामुळे वेदनाशामक बिनबोभाट चालू राहते.

इथे ‘वेदनाशामक बंद करा’ एवढे लिहून मोकळे होणे सोपे आहे. मावशींचा गुडघा दुखायचा थांबणार नाही आणि टोपली हलकी होणार नाही. पॅरासिटामॉल पोटाला सौम्य, पण रोज पूर्ण मात्रेत घेतले तर तेही बीपी थोडे वाढवते, हे एडिंबरोच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये दाखवले. डायक्लोफेनॅकचे मलम गुडघ्यावर चोळले तर रक्तात फार कमी जाते, तो पर्याय विचारण्याजोगा. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम खरोखर उपयोगी, पण पहाटेपासून बाजारात बसणाऱ्या बाईला ते शिकवायला अर्धा तास द्यावा लागतो, आणि तो अर्धा तास आपल्या दवाखान्यांत कोणाकडे नसतो. तरीही माझे मत असे की रोज घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामकाचा निकाल लागल्याशिवाय पित्ताच्या गोळीची आणि वाढवलेल्या बीपीच्या गोळीची चर्चा करणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे.

गोळी नको म्हणून घरगुती उपायांकडे वळणाऱ्यांनाही एक सांगायला हवे. जेवणानंतर पेल्यात फसफसणारी पुडी हा मुंबईचा लाडका इलाज. सोडियम बायकार्बोनेट आणि सोडियम कार्बोनेट असलेल्या पाच ग्रॅमच्या पुडीत साधारण ८५० मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे दोन ग्रॅमहून अधिक मिठाइतके. चमचाभर खाण्याच्या सोड्यात त्याहून जास्त, १२०० मिलिग्रॅमच्या वर. दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅमची. बायकार्बोनेटमधले सोडियम मिठातल्या सोडियमइतके बीपी वाढवते का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि मिठाचा परिणाम अधिक असतो असेच बऱ्याच जणांचे म्हणणे. पण २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका मोठ्या पाहणीत सोडियमयुक्त, फसफसणारी औषधे नियमित घेणाऱ्यांत नव्याने उच्च रक्तदाब होण्याचे प्रमाण बरेच जास्त दिसले होते. लग्नाच्या जेवणानंतर कधी काळी एक पुडी घेतल्याने आकाश कोसळत नाही. रोज रात्री घेणाऱ्या बीपीवाल्याने मात्र ती सोडावी. जेवणात मीठ कमी करून पेल्यातून ते परत घेण्यात काय हशील?

ज्येष्ठमधाचे तर फारच थोड्यांना माहीत असते. घशाला आणि पित्ताला बरे म्हणून ज्येष्ठमधाचे चूर्ण किंवा काड्या सर्रास वापरतात, आणि काहींना गुण येतोही. पण त्यातले ग्लिसिरायझिन शरीरात मीठ अडवते, पोटॅशियम बाहेर घालवते आणि बीपी चढवते. लघवीची गोळी चालू असेल तर पोटॅशियम दुहेरी उतरते. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य इथे लागू पडत नाही. स्वतः वैद्यही बीपीच्या रुग्णाला ते जपून देतात. आपण मात्र ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना चूर्णाचे सांगत नाही आणि वैद्यांना गोळ्यांचे सांगत नाही.

आणखी एका कॅप्सूलचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. काउंटरवर ‘पॅन-डी द्या’ असे चहा मागावा तसे मागितले जाते. त्यातला ‘डी’ म्हणजे डोम्पेरिडोन, मळमळीचे औषध. आपल्याकडच्या अशा मिश्र कॅप्सूलमध्ये ते बहुधा ३० मिलिग्रॅम, हळूहळू सुटणाऱ्या रूपात असते. हे औषध हृदयाच्या विद्युत ठोक्यांत गडबड करू शकते, म्हणून युरोपच्या औषध यंत्रणेने २०१४ मध्ये त्याचा वापर मळमळ-उलटीपुरता, दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या आत आणि साधारण आठवडाभरासाठी मर्यादित केला. छातीतल्या जळजळीसाठी ते नको, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. अमेरिकेत तर त्याला कधी परवानगीच नव्हती. बीपीसाठी डिल्टियाझेम किंवा व्हेरापॅमिल चालू असेल तर डोम्पेरिडोन रक्तात वाढते. लघवीच्या गोळीने पोटॅशियम उतरले असेल तर ठोके बिघडण्याची शक्यता आणखी वाढते. ज्याला मळमळ नाही त्याने हा ‘डी’ रोज का गिळावा? साधे पँटोप्राझोल आणि ही कॅप्सूल यांत निवड करायची असेल तर बीपीच्या, विशेषतः हृदयविकाराच्या रुग्णासाठी, माझे मत निःसंशय पहिल्याच्या बाजूने आहे.

मग पँटोप्राझोल तरी किती सुरक्षित? इथे दोन्ही बाजू खरोखर तोलाच्या आहेत. एकीकडे हाडे ठिसूळ होणे, ब-१२ कमी होणे, मूत्रपिंडाचे विकार, आतड्यांचे संसर्ग अशी यादी वाचून लोक घाबरतात. आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०१९ मध्ये या वर्गाच्या औषधांच्या माहितीपत्रकात मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याची नोंद करायला सांगितले. दुसरीकडे, या भीतीची कसोटी घेणारी एक मोठी चाचणी २०१९ मध्येच प्रसिद्ध झाली. हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार असलेल्या, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या १७,५९८ जणांपैकी निम्म्यांना पँटोप्राझोल आणि निम्म्यांना बिनऔषधी गोळी देऊन सुमारे तीन वर्षे पाहिले. फरक दिसला तो आतड्यांच्या संसर्गात, १.४ टक्के विरुद्ध १.० टक्के. हाडमोड, मूत्रपिंड, न्यूमोनिया, स्मृतिभ्रंश यांत ठळक फरक नाही. यादीतली बरीच भीती यामुळे निवते. तीन वर्षे म्हणजे पंधरा वर्षे नव्हेत, हेही खरे.

म्हणजे ज्याला गोळीची गरज आहे त्याने निर्धास्त घ्यावी. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असलेला वयस्क बीपीवाला, ज्याला पूर्वी अल्सर झाला होता किंवा रक्ताची उलटी झाली होती, त्याच्यासाठी पँटोप्राझोल ही चैन नाही, कवच आहे. त्याने वर्तमानपत्रातला लेख वाचून, हा धरून, ती गोळी बंद करू नये. अन्ननलिकेला सूज किंवा जखम असलेल्यांचेही तसेच. पण ‘बाकीच्या गोळ्या गरम पडतात म्हणून एक पित्ताची असू द्या’ या सबबीवर चालू असलेली गोळी वेगळी. अम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन जठराला खात नाहीत. त्यांच्यासाठी असे कवच लागत नाही. या ‘असू द्या’ला आधार नाही.

बंद करायला गेले की दुसरी गंमत होते. आम्ल अनेक आठवडे दाबून ठेवले की जठर ते जोराने परत करते. डेन्मार्कमध्ये २००९ साली, ज्यांना पित्ताचा काहीही त्रास नव्हता अशा १२० धडधाकट माणसांपैकी काहींना आठ आठवडे इसोमेप्राझोल देऊन मग बंद केले. त्यानंतरच्या महिन्यात ४४ टक्क्यांना जळजळ झाली, बिनऔषधी गोळीवाल्यांत १५ टक्क्यांना. त्यामुळे दोन दिवस गोळी चुकली, छाती जळली, आणि ‘बघा, मला गोळीशिवाय होतच नाही’ असा निष्कर्ष निघाला, तर तो घाईचा आहे. मात्रा अर्धी करून, मग एक दिवसाआड, लागलीच तर अधूनमधून पातळ औषध, असे काही आठवड्यांत उतरावे लागते, आणि तेही डॉक्टरांना सांगून.

घ्यायची कशी याचे उत्तर छोटे. पँटोप्राझोल सकाळी अनशापोटी, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी. जेवून उठल्यावर घेतली तर जोर कमी पडतो. ती चावू, फोडू नये. बीपीची गोळी सकाळी की रात्री, हा वाद २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या २१,१०४ जणांच्या चाचणीने बराचसा मिटवला; दोन्ही वेळांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांच्या प्रमाणात फरक नव्हता. जी वेळ चुकणार नाही ती आपली. पहाटे बोटीवर जाणाऱ्याने रात्रीची धरावी, रात्री उशिरा चित्रीकरणावरून येणाऱ्याने सकाळची. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करा, असा सल्ला देतात आणि तो योग्य आहे. एका खोलीत पाच जण जमिनीवर झोपणाऱ्या घराला मात्र डावीकडे कुशीवर झोपा एवढेच सांगता येते, आणि त्यानेही आराम पडतो.

इतके सगळे झाल्यावर एक गोष्ट जिच्यापुढे दोन्ही बाजू वगैरे काही नाही. बीपी असलेल्या माणसाच्या छातीत नव्याने जळजळ, दडपण, घाम, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, चालताना येणारा आणि थांबल्यावर जाणारा त्रास, हे पित्त समजू नये. पुडी घेऊन ढेकर येण्याची वाट पाहण्यात गेलेला तास परत मिळत नाही. सरळ रुग्णालय गाठून ईसीजी काढायचा. कूपर वर्सोव्याहून फार लांब नाही. तसेच गरोदरपणात बीपी वाढलेले असताना पोटाच्या वरच्या भागात, उजव्या बरगडीखाली दुखू लागले, डोके ठणकले, डोळ्यांपुढे चमकले, तर ते ॲसिडिटीच्या खात्यावर टाकू नये. काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणे, विनाकारण वजन उतरणे, हीदेखील गोळीने झाकायची लक्षणे नाहीत.

राहता राहिला प्रश्न जबाबदारीचा. डॉक्टरांना दोष देणे सोपे, पण एका माणसाला चार डॉक्टर असतात आणि चौघांचे कागद चार पिशव्यांत. हाडांचे डॉक्टर वेदनाशामकासोबत पँटोप्राझोल लिहितात, हृदयाचे ॲस्पिरिनसोबत, गल्लीतले डॉक्टर अँटिबायोटिकसोबत. एकाच सकाळी दोन वेगळ्या नावांची तीच गोळी दोनदा खाणारे लोक आहेत. चिठ्ठीशिवाय डायक्लोफेनॅक देणारा मेडिकलवाला चूकच करतो, पण अर्धी मुंबई त्याच्याकडेच पहिला सल्ला मागते, आणि त्याने एकदा ‘रोज घेताय का?’ एवढे विचारले तरी पुष्कळ काम होईल. महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’मध्ये आज बीपी मोजून फुकट औषधे मिळतात, ही मोठी सोय आहे. तिथे दर तीन महिन्यांनी एक काम वाढवता येईल: रुग्णाने घरातला सगळा डबा, चूर्ण आणि पुड्यांसकट, टेबलावर ओतायचा आणि प्रत्येक पट्टीला ‘तू इथे कशाला?’ हे विचारायचे.

या झडतीत बीपीच्या गोळीला सहसा काढून टाकायचे नसते. फार तर बदलायची. पित्ताच्या गोळीने मात्र आपले कारण सांगावे, आणि सांगता आले नाही तर उतरावे. म्हणून डॉक्टरांना एकच विनंती. पँटोप्राझोल लिहाल तेव्हा ‘१-०-०’च्या पुढे किती आठवडे हेही लिहा आणि जिथे ती कायमची हवी तिथे ‘कायम’ लिहून कारण लिहा. आणि वाचकहो, पुढच्या खेपेला मेडिकलमध्ये पट्टी कापून घ्यावी लागली, तर नाव आणि तारीख असलेला तुकडा आपल्याकडे ठेवून घ्या.